वॉशिंग मशीनची जागा कशी ठरवावी?

मशीन बसवायला गेलो की लोक आधी रिकामा कोपरा दाखवतात. मी मात्र नळ कुठे आहे आणि सांडपाणी कुठून जाईल, ते बघतो. फ्रंट लोडमध्ये पाणी बाहेर सोडणाऱ्या पाइपचं तोंड जमिनीपासून साधारण 60 ते 100 सेंटिमीटर उंच हवं. ते खाली मोरीत सोडून दिलं तर आत घेतलेलं पाणी आपोआप वाहून जातं, मशीन पुन्हा पुन्हा भरत राहतं आणि दोष बिचाऱ्या मशीनला! हा पाइप फार लांबवूही नका, पंपावर ताण येतो.

मग टेप काढा. फ्रंट लोड बहुधा 60 सेंटिमीटर रुंद असतं. मागे पाइपांसाठी चार बोटं जागा सोडा. पुढे दार पूर्ण उघडून माणसाला वाकता आलं पाहिजे. टॉप लोडच्या डोक्यावर कपाट नको, झाकण अडतं.

प्लगला अर्थिंग हवंच, आणि तो पाण्याच्या शिंतोड्यांपासून लांब. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको. बाल्कनीत ठेवणार असाल तर ऊन-पाऊस थेट लागू देऊ नका.

शेवटी मशीनचे तिरपे समोरासमोरचे कोपरे हाताने दाबून बघा. डुललं तर पाय फिरवून लेव्हल करा. नव्या फ्रंट लोडच्या मागचे वाहतुकीचे बोल्ट (नेताना-आणताना आतला ड्रम हलू नये म्हणून लावलेले) मशीन सुरू करण्याआधी काढा.