मज्जा हाती येण्याआधी

अस्थिमज्जेतून डेंड्रिटिक पेशी (रोगप्रतिकार यंत्रणेला जंतूंची ओळख करून देणाऱ्या पेशी) प्रयोगशाळेत वाढवायच्या असतील तर तयारी आदल्या संध्याकाळीच संपलेली हवी. कुणीतरी कमरेच्या हाडात सुई टोचून घेतलेली असते. जागा बधिर केली तरी मज्जा ओढताना कळ यायची ती येतेच. त्या माणसाचे पाच-दहा मिलिलिटर आपल्या हलगर्जीपणाने वाया जाता कामा नयेत.

कागदपत्रं आधी. दात्याचं संमतीपत्र, नैतिकता समितीची मंजुरी, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी व सीचे अहवाल फाइलला लागलेत का ते स्वतः बघा. अहवाल निगेटिव्ह असले तरी नमुना संसर्गजन्य समजूनच हाताळायचा. मज्जा काढणाऱ्या डॉक्टरांशी फोनवर बोलून घ्या: हेपरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या) नळ्या पोचल्या का, हे विचारा आणि एकाच जागेतून फार ओढू नका अशी विनंती करा. पहिल्या काही मिलिलिटरनंतर मज्जेपेक्षा साधं रक्तच जास्त येतं.

संध्याकाळी इन्क्युबेटर ३७ अंशांवर आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडवर स्थिर आहे ना, ट्रेमध्ये निर्जंतुक पाणी आहे ना, सिलिंडर संपत तर आला नाही ना, हे पाहा. मग सायटोकाइन, म्हणजे पेशींना वाढीचे संदेश देणारी प्रथिनं: एससीएफ, जीएम-सीएसएफ, टीएनएफ-अल्फा. शेवटच्या दोघांच्या जोडीने सीडी३४ पेशी (पृष्ठभागावर सीडी३४ ही खूण असलेल्या मूळ पेशी) डेंड्रिटिक होतात, हे १९९२ मध्ये नाळेच्या रक्तातल्या पेशींवर दिसलं. मज्जेलाही तीच वाट चालते. ही सायटोकाइन एकेका वापरापुरत्या नळ्यांत वाटून गोठवलेली असावीत. एकच नळी पुन्हा पुन्हा वितळवली की प्रथिनाचा जोर जातो, आणि ते आपल्याला कळतं दोन आठवड्यांनी, पेशी बदललेल्याच नसतात तेव्हा.

सकाळी फायकॉल, म्हणजे घनतेनुसार पेशींचे थर पाडणारा द्रव, फ्रिजबाहेर काढा. त्याची १.०७७ घनता खोलीच्या तापमानाची आहे, गार वापरलं तर थर नीट बसत नाहीत. सीडी३४ पेशी वेचून घेणाऱ्या चुंबकीय स्तंभाचा बफर मात्र बर्फावर. हाडाचे कण आणि गुठळ्या अडवायला ७० मायक्रॉनची चाळणी हाताशी ठेवा.

सेंट्रिफ्यूजला ४०० जी, ३० मिनिटं, आणि ब्रेक बंद. हे मी मोठ्या अक्षरांत लिहून झाकणावर चिकटवलंय. एकदा ब्रेक चालू राहिला, चकती झटक्यात थांबली आणि सगळे थर एकमेकांत मिसळले. दुसरा नमुना मागायला जाताना पाय उचलत नव्हता. सगळं नीट जमलं तर नळी उजेडाकडे धरल्यावर तळाशी लाल थर दिसतो, वर पिवळसर प्लाझ्मा, त्यावर चरबीचे तवंग, आणि प्लाझ्माच्या खालच्या कडेला एक धूसर पांढरं कडं. आपल्याला हवं ते कडं. पिपेटचं टोक तिथेच हळूहळू फिरवायचं, हात थरथरत असेल तर आधी क्षणभर थांबायचं.

त्या कड्यातल्या पेशींत सीडी३४ असलेल्या शंभरात जेमतेम एक ते तीन. म्हणजे कोटीभर पेशींतून हाती लाख-दोन लाखच येतील. प्लेट लहान निवडा, ट्रिपॅन ब्लूने (मेलेल्या पेशी निळ्या करणाऱ्या रंगाने) जिवंत पेशी मोजूनच पेरा. उरलेल्या पेशी गोठवायच्या तर १० टक्के डीएमएसओचं (गोठताना पेशी फुटू न देणाऱ्या रसायनाचं) मिश्रण आणि मिनिटाला एक अंश उतरणारा डबा आधीच तयार लागेल.

शेवटी कॅलेंडर उघडा. पाचव्या-सहाव्या दिवशी सीडी१ए आणि सीडी१४ या खुणांच्या दोन वाटा फुटताना दिसतील, साधारण बाराव्या दिवशी पेशींवरच्या खुणा मोजणारा फ्लो सायटोमीटर लागेल. तो वेळ आजच राखून ठेवा, आणि मधल्या रविवारी मीडिया (पेशींचा पोषक द्रव) बदलायला कोण येणार, त्याचं नाव समोर लिहा.