अजिंठा-वेरूळला जाताय? आधी वार बघा

अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुट्टी टाकणारे नेमके इथेच फसतात. सोमवार हाताशी असेल तर तो वेरूळला द्या, अजिंठा आधीच उरका. दोन्ही १९८३ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, पण एका दिवसात दोन्ही कोंबू नका. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ तीसेक किलोमीटर, तर अजिंठा शंभराच्या आसपास, तेही दुसऱ्या दिशेला.

अजिंठ्याला स्वतःची गाडी फर्दापूर फाट्यावरच ठेवावी लागते, पुढे बसने. तो वेळ हिशेबात धरा. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात शिरल्या शिरल्या काहीच दिसत नाही आणि लोक लगेच मोबाइलचा फ्लॅश काढतात. फ्लॅशला मनाई आहे, आणि त्याची गरजही नाही. दोन मिनिटं नुसतं उभं राहा, डोळे सरावले की भिंतीवरच्या चित्रातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या हातातलं निळं कमळ हळूहळू उमटतं. बूट बाहेर काढावे लागतात, त्यामुळे लेसवाले नकोत.

वेरूळचं कैलास लेणं पश्चिमाभिमुख आहे, म्हणून ते दुपारनंतर बघा.