पहिली सहल दिजाँ आणि बोनची

पॅरिसमध्ये नव्याने आलेल्या मराठी मंडळींना पहिली जोडून सुट्टी मिळाली की बहुतेकांचा बेत एकसारखाच असतो: चार दिवसांत ब्रसेल्स, अॅमस्टरडॅम आणि जमल्यास स्वित्झर्लंड. अशा सहलीत निम्मा वेळ गाड्या गाठण्यात जातो आणि परतल्यावर विश्रांतीसाठी आणखी एक रजा काढावी लागते. माझा आग्रह असा असतो की पहिली सहल एकाच प्रदेशात, एक शहर आणि एक खेडे अशी असावी. त्यासाठी बुर्गोन्य प्रांतातील (आपल्याकडे ओळखीचा शब्द बर्गंडी) दिजाँ शहर आणि बोनच्या आसपासची द्राक्षमळ्यांची गावे ही जोडी मला सर्वांत सोयीची वाटते, कारण येथे मोटारीवाचून काहीही अडत नाही.

बेत आखताना आधी वार पाहावेत आणि मग ठिकाणे. भारतातून आलेल्या माणसाला ही गोष्ट लवकर पचत नाही, कारण रविवारी बाजार अधिकच गजबजलेला असतो, अशी आपली सवय. माझ्या पहिल्या सहलीत मी सहकुटुंब नेमका रविवारी संध्याकाळी गावात पोहोचलो. गावातील एकुलते एक उपाहारगृह बंद होते, बेकरी दुपारीच बंद झालेली होती आणि रात्रीचे जेवण म्हणून आम्ही पत्नीच्या पिशवीतील भाजलेले शेंगदाणे व अर्धा पुडा बिस्किटे खाल्ली. तेव्हापासून मी गुरुवारी संध्याकाळी निघून सोमवारी परतायचे, पहिल्या दोन रात्री शहरात आणि पुढच्या दोन गावात काढायच्या, असाच क्रम सुचवतो.

पॅरिसच्या गार द लिओं स्थानकावरून तेजेवे ही अतिवेगवान गाडी सुमारे दीड-पावणेदोन तासांत दिजाँला पोहोचवते. तिकीट जितके आधी काढावे तितके स्वस्त पडते. मे महिन्यात मात्र विशेष जपावे, कारण 1 व 8 मेच्या सुट्ट्या आणि नेहमी गुरुवारीच येणारा आसाँसियोंचा (येशूच्या स्वर्गारोहणाचा) सण यांना शनिवार-रविवारच्या मधला कामाचा दिवस जोडून फ्रेंच लोक ‘पूल बांधतात’, आणि त्या दिवसांत गाड्या भरून जातात.

शुक्रवारी सकाळी दिजाँच्या लोखंडी छताच्या जुन्या मंडईत जावे. विक्रेत्याला आधी ‘बाँजूर’ म्हणावे, मग भाव विचारावा, आणि फळे स्वतः चाचपून निवडू नयेत. ती विक्रेत्यानेच निवडून द्यायची असतात. येथील मोहरीची चटणी चाखल्यावर लोणच्यासाठी फेसलेल्या मोहरीची आठवण होते. तिच्यासाठी लागणारी बरीचशी मोहरी कॅनडातून येते, हे कळल्यावर मला थोडी गंमत वाटली होती.

दुपारी, पूर्वी या प्रांतावर राज्य करणाऱ्या ड्यूकांच्या राजवाड्यातील कलासंग्रहालय पाहावे. कायमस्वरूपी दालनांना प्रवेश विनामूल्य आहे आणि मंगळवारी ते बंद असते. सगळी दालने पायाखाली घालण्याची गरज नाही. फिलिप द बोल्ड या ड्यूकच्या कबरीपाशी मात्र खाली वाकून पाहावे: चौथऱ्याच्या कमानींतून हातभर उंचीच्या, शुभ्र दगडात कोरलेल्या शोकाकुल मूर्तींची मिरवणूक चाललेली आहे. एकाने टोपडे इतके पुढे ओढले आहे की चेहराच दिसत नाही, आणि तरीही खांद्यांच्या वळणावरून त्याचे दुःख कळते. मी दर वेळी तेथे अर्धा तास घालवतो. जवळच्या नोत्र-दाम चर्चच्या भिंतीवर एक लहानसे दगडी घुबड आहे. त्याला डाव्या हाताने स्पर्श करून इच्छा मागण्याची प्रथा असल्यामुळे ते पार झिजून गेले आहे. आपल्याकडे अशुभ मानलेला पक्षी येथे नवसाला पावतो.

शनिवारी सकाळी प्रादेशिक गाडीने वीस-पंचवीस मिनिटांत बोनला जावे. शनिवार हा तेथील मोठ्या बाजाराचा दिवस आहे, तेव्हा रविवारच्या रात्रीचे जेवण म्हणून चीज, फळे व टोमॅटो तेथेच घ्यावेत. बाजारासमोरच ओतेल-द्यू ही निकोला रोलँ या ड्यूकच्या मंत्र्याने 1443 मध्ये स्थापलेली गरिबांची रुग्णशाला आहे. तिचे रंगीत कौलांचे छप्पर प्रसिद्ध आहे, परंतु मला अधिक आवडते ते लाल पडद्यांच्या खाटांचे लांबलचक दालन.

तेथून पोमार, व्होल्ने किंवा मर्सो यांपैकी एका गावात मुक्काम करावा. हॉटेलाऐवजी ‘शाँब्र दोत’ निवडावे. आपल्या कोकणातील घरगुती मुक्कामासारखीच ही सोय असते आणि सकाळची न्याहारी भाड्यातच धरलेली असते. पोहोचण्याची वेळ आधी कळवावी, कारण स्वागतकक्ष वगैरे नसतो, यजमान स्वतःच दार उघडतात.

शाकाहारी मंडळींनी उपाहारगृहात ‘सां व्यांद, सां प्वासों’ म्हणजे मांस नको, मासे नको, असे म्हणून थांबू नये, तर ‘सां लार्दों’ हेही सांगावे. डुकराच्या मांसाचे हे बारीक तुकडे सॅलडमध्येसुद्धा सापडतात आणि अनेकांच्या मते ते मांसाच्या हिशेबात धरायचे नसतात. चीज घालून भाजलेले गुजेर हे फुगीर गोळे मात्र, अंडे चालत असेल तर, निर्धास्तपणे खावेत. दुपारचे जेवण बारा ते दोन या वेळेतच मिळते.

रविवार सायकलीसाठी राखावा. बोनपासून सांतनेपर्यंत सुमारे 22 किलोमीटरचा ‘व्होआ दे व्हीन्य’ हा मार्ग मळ्यांतूनच जातो. सायकल बोनमध्ये भाड्याने मिळते, ती शनिवारीच ठरवून ठेवावी. वाटेत दगडी कुंपणांनी वेगळे केलेले मळ्यांचे तुकडे दिसतात. प्रत्येकाला स्वतंत्र नाव असून त्यांना ‘क्लिमा’ म्हणतात, आणि 2015 मध्ये त्यांचा जागतिक वारशात समावेश झाला. संपूर्ण अंतर कापलेच पाहिजे असे नाही. मर्सोपर्यंत जाऊन चर्चसमोर बसून राहिले तरी दिवस सार्थकी लागतो. परतताना दुपारी बेकरी बंद होण्यापूर्वी दोन ब्रेड घ्यावेत, एक रात्रीसाठी आणि एक सोमवारच्या गाडीतल्या प्रवासासाठी, कारण सोमवारी सकाळी गावातील बेकरी बहुधा बंदच असते.