क्रूझरला काच लावली आणि डोकं गदगदायला लागलं? या चुका टाळा

बेटमा मागे पडलं की इंदूर–धार रस्ता एकदम उघडा होतो. गहू काढून मोकळी झालेली काळी शेतं, मधूनच एखादी बाभूळ, आणि मे महिन्यात समोरून येणारा पश्चिमेचा वारा. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी इंदूरच्या छप्पन दुकान खाऊगल्लीत पोहे-जिलेबी हाणून आम्ही मांडूला निघालो होतो. गाडी मिटिऑर ३५०, ताठ बसून चालवायची क्रूझर मोटरसायकल. सत्तरच्या पुढे काटा गेला आणि माझं डोकं हेल्मेटसकट असं गदगदायला लागलं की पुढच्या ट्रकचा नंबर वाचता येईना. एकाचे दोन आकडे दिसत होते. धारला चहाला थांबलो तेव्हा मान लाकडासारखी झाली होती.

गाडीत काहीही बिघाड नव्हता. आठच दिवसांपूर्वी, वारा लागू नये म्हणून, मी तिला समोर भली मोठी काच (विंडशील्ड) बसवून घेतली होती. दुकानदार म्हणाला होता, "भिया, छोटा लगाओगे तो पछताओगे." मोठी लावून पस्तावलो.

त्यानंतर काच, हँडल, पाय, पिशव्या, सगळ्यांशी झटापट केली. इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या गल्लीत चार क्रूझर आहेत आणि चौघांनी थोड्याफार फरकाने त्याच चुका केल्या आहेत.

मोठी काच म्हणजे कमी वारा, हा गैरसमज

आधी आकडे. हवेचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. ४० ला छातीवर जेवढा दाब असतो त्याच्या चौपट ८० ला. त्यात समोरून २० चा वारा असेल तर अंगाला १०० चा वारा लागतो, म्हणजे रेटा आणखी दीडपटीहून जास्त. म्हणून राजवाड्याच्या गर्दीत ज्या गाडीवर तुम्ही संस्थानिकासारखे बसता, त्याच गाडीवर धार रस्त्याला हात भरून येतात. क्रूझरवर आपण ताठ किंवा किंचित मागे रेलून बसतो, पाय पुढे. शीड उभारल्यासारखंच ते.

पण हा सरळ येणारा वारा फक्त दमवतो. डोकं हलवतो तो तुटलेला वारा. काचेच्या वरच्या कडेवरून हवा उसळून जाते आणि काचेच्या मागे दाब कमी होतो. वरची हवा त्या पोकळीत कोसळते, गिरक्या घेते, आणि त्या गिरक्या नेमक्या हेल्मेटवर आदळतात. काच तुमच्या उंचीच्या मानाने अर्धवट असेल तर वाऱ्याचा सगळा गोंधळ कपाळाच्या उंचीवर. माझं तेच झालं होतं.

हे ओळखायची साधी रीत आहे. मोकळ्या रस्त्यावर, सकाळी लवकर, नेहमीच्या वेगाला फूटरेस्टवर जोर देऊन सीटवरून चार-पाच बोटं वर उठा. हेल्मेटचं गदगदणं थांबून नुसता सलग आवाज यायला लागला, तर डोकं स्वच्छ हवेत आलं. म्हणजे काच थोडी खाली हवी. मग खाली वाका. तिथे शांत वाटलं तर काच वर नेऊनही जमेल. दोन्हीकडे तेच गदगदणं असेल तर बाजूने किंवा खालून येणारी हवा शोधायची. मी आईच्या विणकामातले लोकरीचे तुकडे काचेच्या कडेला चिकटपट्टीने लावले होते. वेग धरला की ते सरळ ताणलेले राहायला हवेत. माझे मधले तीन चक्क उलटे, माझ्याकडे तोंड करून नाचत होते!

दुसरी चूक इथूनच सुरू होते: लगेच नवी काच विकत घेणं. त्याआधी आहे तीच काच वाकवून पाहा. कोन बदलला की हवेची उडी बदलते, आणि बहुतेक क्लॅम्पना तेवढी मोकळीक असते. मग हेडलाइट आणि काच यांच्यामधली फट. दुकानात ती रबराने बंद करून देतात, दिसायला नीट दिसतं म्हणून. उलट खालून थोडी हवा आत आली तर मागची पोकळी भरते आणि वरची हवा कमी कोसळते. मी सियागंज बाजारातून जाड रबरी वॉशर आणि लांब बोल्ट आणले आणि काच बोटभर पुढे सरकवली. निम्मा त्रास तिथेच गेला. उरलेल्यासाठी पुठ्ठा आणि चिकटपट्टी वापरून आधी उंची वाढवून पाहिली, मग काच खाली उतरवून पाहिली. शेवटी काच नाकाच्या रेषेखाली आणली. रस्ता काचेतून नाही, काचेवरून दिसला पाहिजे. पावसात, रात्री समोरून दिवे आले की याचं कारण आपोआप कळतं.

काच कशाची आहे हेही विचारून घ्या. ॲक्रिलिक स्वच्छ दिसतं, पण फुटलं तर धारदार तुकडे होतात. पॉलिकार्बोनेट सहसा फुटत नाही, मात्र त्यावर ओरखडे लवकर पडतात आणि पेट्रोलचे शिंतोडे त्याला चालत नाहीत. घरातलं खिडक्या पुसायचं अमोनियावालं निळं पाणी त्यावर मारू नका. साधं पाणी, मऊ फडकं, आणि किडे वाळले असतील तर ओलं फडकं दहा मिनिटं ठेवून मग पुसायचं.

उंच हँडल

उंच हँडल दिसतं झकास, याबद्दल वाद नाही. पण हात खांद्याच्या वर गेले की छाती पूर्ण उघडी पडते, आणि वाऱ्याने मागे ढकललेलं अंग आपण त्याच हातांनी धरून ठेवतो. त्यात पाय पुढे टाकणारे फूटरेस्ट लावले असतील तर पायांचाही आधार जातो. मग हँडलची मूठ हीच एकमेव खुंटी. घट्ट पकडलेलं हँडल आपल्या अंगाचा प्रत्येक हेलकावा पुढच्या चाकाला सांगतं, गाडी डुलते, आणि माणूस घाबरून आणखी घट्ट धरतो.

याहून मोठी गफलत केबलची. हँडल चार इंच वर गेलं आणि क्लच, ॲक्सिलरेटर, ब्रेकचा होज जुनाच ठेवला, तर सगळं ताणलं जातं. गाडी स्टँडवर सुरू ठेवा आणि हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवा. वळवताना इंजिनचा आवाज वाढला तर ॲक्सिलरेटरची केबल खेचली जातेय. हे यू-टर्न घेताना कळण्यापेक्षा अंगणात कळलेलं बरं. ब्रेकच्या होजला ताण दिसला तर त्या गाडीवर चौकापर्यंतसुद्धा जाऊ नका.

माझं मत विचाराल तर वाऱ्यात चालवायची गाडी असेल तर हँडल वर नेण्यापेक्षा थोडं मागे आणावं, तेही रायझरने (हँडलखाली बसवायच्या ठोकळ्याने), आणि मूळ केबल पुरतील एवढंच.

कायद्याचंही इथेच उरकून घेतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने ठरवलेल्या रचनेत मनमानी बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कंपनीने त्याच मॉडेलसाठी काढलेली काच, सीट, लेग गार्ड घेतले तर डोकेदुखी कमी. विमा कंपनीला कळवून ठेवा. फटाके फोडणाऱ्या सायलेन्सरबद्दल मी काही लिहीत नाही. शेजारच्या काकांनी पुरेसं सुनावलं आहे.

पिशव्या, टॉप-बॉक्स आणि डुलणारी गाडी

मागे उंच सिसी बार (मागच्या सीटची पाठ टेकायची दांडी), त्याला बांधलेली पिशवी, वर बॉक्स, आणि पुढे फोर्कवर (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांवर) मोठी काच. ही जोडी मी मुद्दाम एकत्र लिहितोय. मागच्या चाकाच्याही मागे वजन गेलं की पुढचं चाक हलकं होतं. फोर्कवर बसवलेली काच वाऱ्याचा प्रत्येक धक्का थेट हँडलमध्ये उतरवते. दोन्ही मिळून गाडी सापासारखी वळवळते. लोक टायरला दोष देतात, रुंद टायर टाकतात, आणि गाडी आणखी आळशी होते. रुंद टायरचा विषय एवढाच.

वजन खाली आणि पुढे आणा, दोन्ही पिशव्यांत सारखं. पाण्याच्या बाटल्या आणि हत्यारं खाली, कपडे वर. सायलेन्सरच्या बाजूची पिशवी किती दूर आहे ते हाताने मोजा. आमच्या गल्लीतल्या एकाची कॅनव्हासची पिशवी महेश्वरला पोचेपर्यंत तळातून भोक पडून आतला टॉवेल करपला होता.

तरीही डुलत असेल तर क्रम असा: आधी टायरची हवा, थंड टायरवर, मॅन्युअलप्रमाणे. मग कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग. गाडी मधल्या स्टँडवर घ्या, मागे कोणाला तरी दाबून बसवा म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल, आणि हँडल सावकाश फिरवा. मध्यावर आल्यावर खड्ड्यात बसल्यासारखं अडकलं तर कोनसेट गेला. फोर्क खालून धरून पुढे-मागे हलवला आणि टकटक जाणवली तर सैल आहे. त्यानंतर स्विंगआर्मची, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याची, बुशं. या तिन्हींत काही नसेल तेव्हाच काचेला आणि पिशव्यांना दोषी धरायचं.

लेग गार्डला रेक्झिनचे पडदे बांधायची फॅशन हिवाळ्यात ठीक. मे महिन्यात ते काढा. आडव्या वाऱ्यात ती दोन शिडं होतात, आणि हवेने थंड होणाऱ्या इंजिनच्या फिन्सना (बाहेरच्या पातळ पट्ट्यांना) लागणारी हवा अडते. बाहेर ४२ अंश असताना इंजिनावर आणि आपल्या मांड्यांवर, दोघांवरही अन्याय.

आडवा वारा आणि ट्रक

उज्जैन रस्त्याला आपण उत्तरेकडे जातो आणि उन्हाळ्यातला वारा डावीकडून येतो. गाडी आपोआप किंचित डावीकडे झुकवून चालवावी लागते. झुकवायला डावी मूठ हलकेच पुढे दाबायची, खांदे ढिले, गुडघे टाकीला. इथवर सगळे करतात. गडबड ट्रकला ओलांडताना होते. तुम्ही ट्रकच्या उजवीकडे आलात की तो वारा अडवतो. तुम्ही मात्र अजून डावीकडे झुकलेले, म्हणजे गाडी ट्रककडे ओढली जाते. पुढे निघालात की ट्रकने फाडलेली हवा आणि मूळ वारा एकदम आदळतो आणि तुम्ही दुभाजकाकडे फेकले जाता. म्हणून ओलांडायच्या आधीच ट्रकपासून अंतर जास्त ठेवा, पण दुभाजकाला चिकटूनही नाही. चौपदरी रस्त्यावर दुचाकीला ८० ची मर्यादा आहे. जोराच्या वाऱ्यात त्याहून बरंच खाली या.

मानपूरच्या बाजूला रस्ता टेकडी कापून जातो. त्या कापातून बाहेर पडताना किंवा पुलावर चढताना हाच धक्का ट्रकशिवाय बसतो. रस्त्याकडेची झुडपं कुठे वाकलीत ते बघत राहावं. एप्रिल-मेमध्ये शेतातून वावटळ रस्त्यावर येते, तिच्यातला कचरा दुरून दिसतो. तिला शर्यतीत हरवायला जाऊ नका, वेग कमी करून आधी जाऊ द्या.

हेल्मेट तपासायचं राहून जातं

मी काच तीनदा हलवली, तरी कानात शिट्टी होतीच. एक दिवस मित्राचं हेल्मेट घालून तोच रस्ता, तोच वेग केला. शिट्टी गायब! माझ्या हेल्मेटच्या व्हायझरचं रबर एका बाजूला सुटलेलं होतं, एवढंच. त्यामुळे काचेवर हजारो रुपये घालण्याआधी दहा मिनिटं दुसऱ्याचं हेल्मेट मागून घ्या, मापाचं. हेल्मेट घट्ट घालून डोकं झटकन डावी-उजवीकडे फिरवा. गाल त्याच्याबरोबर ओढले गेले पाहिजेत. ढिलं हेल्मेट स्वच्छ हवेतही हलतं. आवाजाकडेही दुर्लक्ष नको. हायवेच्या वेगाला हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज १०० डेसिबलच्या आसपास जाऊ शकतो, आणि एवढ्या आवाजात कानाला सुरक्षित मानलेली वेळ आहे पंधरा मिनिटं. धारला पोचायला तासाहून जास्त लागतो.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तोच रस्ता परत करा, जाताना आणि येताना दोन्ही, कारण वारा एकीकडे समोरून असतो आणि दुसरीकडे पाठीवर. माझी ती मोठी काच अजून घरात आहे. आईने गच्चीवर तुळशीच्या पश्चिमेला विटांच्या आधाराने उभी केली आहे, आणि तिथे ती अगदी योग्य उंचीची ठरली आहे.