कुत्रा गाडीत, गाडी उन्हात: या चुका टाळा

"काच दोन बोटं खाली ठेवलीय, वारा लागेल." सगळ्यात जास्त केली जाणारी चूक हीच. 2005 साली स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी उभ्या गाडीत प्रत्यक्ष मोजून पाहिलं. बाहेर 22 ते 36 अंश असताना आतलं तापमान तासाभरात सरासरी 22 अंशांनी चढलं, त्यातली 80 टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काचा किंचित उघड्या ठेवूनही फारसा फरक पडला नाही. त्यामुळे पुण्यातल्या डिसेंबरच्या दुपारीही धोका असतो, नागपूरच्या मे महिन्याचं तर बोलायलाच नको.

सावलीवर विसंबून राहू नका, ती सरकते. एसी चालू ठेवून उतरणं आणखी फसवं: बिनचावीच्या काही गाड्यांत इंजिन ठरावीक वेळाने आपोआप बंद पडतं, कधी कुत्र्याचाच पाय बटणावर पडतो. आत पाणी ठेवलं म्हणूनही भागत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. बंद गाडीत त्याच्याच श्वासाने हवा दमट होत जाते आणि धापा टाकण्याचा उपयोग उरत नाही. पग, बुलडॉग, शित्झू अशा चपट्या नाकाच्या जातींचं तर आधीच अवघड असतं. प्रवासात दोघं असाल तर आळीपाळीने उतरा. एकटे असाल आणि कामाच्या ठिकाणी कुत्र्याला नेता येत नसेल, तर त्याला घरीच ठेवा.

चालत्या गाडीतही एक चूक होते. मागच्या डिकीच्या जागेत बसवलेल्या कुत्र्यापर्यंत बऱ्याच गाड्यांत एसीचा झोत पोचतच नाही. तिथे स्वतः हात धरून बघा.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान 38 ते 39.2 अंश असतं. 41 च्या वर गेलं की जिवावर बेततं. न थांबणारी धाप, चिकट लाळ, लालभडक हिरड्या, झोक जाणं, उलटी ही लक्षणं दिसली की लगेच सावलीत आणा आणि अंगावर नळाचं पाणी ओतत राहा. पोट, काखा, जांघा सुटू देऊ नका, पंख्याचा वारा घाला. तोंडात मात्र पाणी जाऊ देऊ नका. बर्फ शोधण्यात वेळ घालवू नका. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, तो तापतो आणि उष्णता आत कोंडतो. शुद्धीत असेल तर पाणी समोर ठेवा, घशात ओतू नका. माणसांची पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन तर मुळीच नको: या तापावर ती चालत नाही आणि कुत्र्याला विषारी ठरते.

पशुवैद्याकडे धावण्याआधी हे पाणी ओतणं सुरू झालेलं हवं. फोन दुसऱ्या कुणाला तरी करू द्या. गुदद्वारातलं तापमान 39.5 च्या आसपास आलं की पाणी थांबवा, नाहीतर अंग गारठतं. मग कुत्रा शेपटी हलवत उभा राहिला तरी दवाखाना टाळू नका. मूत्रपिंडाचा आणि रक्त गोठण्याचा बिघाड एक-दोन दिवसांनीही वर येतो.