क्रॉलर चढावर मागे उलटतो? आधी वजन तोला
क्रॉलर म्हणजे खडकांवर चढणारी रिमोट कंट्रोलची छोटी गाडी. चढावर पुढची चाकं उचलून ती मागे उलटत असेल, तर नवी चॅसी (गाडीचा सांगाडा) घेण्याआधी वजन तोला. बॅटरी लावून पुढची चाकं वजनकाट्यावर आणि मागची तेवढ्याच उंचीच्या ठोकळ्यावर ठेवा, मग अदलाबदल करा. एकूण वजनाच्या ५५ ते ६० टक्के भार पुढे हवा. कमी भरला तर बॅटरीचा ट्रे पुढच्या ॲक्सलकडे, जमेल तितका खाली आणा. तरीही पुरेना, तर पुढच्या नकल्सना (चाक ज्यावर वळतं त्या सांध्यांना) पितळी वजनं लावा. मात्र त्याने स्टिअरिंग सर्वोवर (चाकं वळवणाऱ्या मोटरवर) ताण वाढतो, कमजोर सर्वो खडकात अडकलेलं चाक वळवू शकत नाही. बॉडीवर शोभेचं जड सामान अजिबात नको. गुरुत्वमध्य वर गेला की आडव्या उतारावर गाडी कलंडलीच. एका वेळी एकच बदल, आणि चाचणी दर वेळी त्याच तिरक्या फळीवर.