मिनी ट्रॅक्टरसाठी हलकी ट्रॉली घरी कशी बांधावी?

तयार ट्रॉली बहुधा जाड चॅनलची असते. मिनी ट्रॅक्टरला ती जड पडते आणि ओल्या रानात रुतते. ३०० किलो माल वाहायचा असेल, तर चौकोनी पाइपची ६ बाय ४ फुटी ट्रॉली पुरते. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रेलरही मोटार वाहनच आहे. म्हणून नोंदणीशिवाय ही ट्रॉली सार्वजनिक रस्त्यावर आणू नका. ती आपल्या रानातच चालवा, आणि माणसे तर कधीच बसवू नका.

सांगाडा

५० बाय ५० मिमी, ३ मिमी जाडीचे २० फुटी दोन काळे पाइप आणा. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पाइप घेऊ नका, त्याच्या वेल्डिंगचा जस्ताचा धूर विषारी असतो. पहिल्या पाइपातून ६ फुटांचे दोन आणि ३ फूट ८ इंचांचे दोन तुकडे निघतात. दुसऱ्यातून ३ फूट ८ इंचांचे आणखी दोन आणि ट्रॅक्टरला जोडायच्या दांडीसाठी ५ फुटांचे दोन. एवढ्या लोखंडाचे वजन सुमारे ४८ किलो भरते.

दोन्ही ६ फुटी पाइपांच्या मध्ये चारही आडवे पाइप दोन-दोन फुटांवर ठेवून सपाट फरशीवर आधी फक्त टाके, म्हणजे वेल्डिंगचे छोटे ठिपके, मारा. काटकोन तपासायला नुसत्या गुण्यावर विसंबू नका. दोन्ही कर्ण मोजा आणि ते सारखे आल्यावरच पक्के वेल्डिंग करा. एक कोपरा झाला की कर्णावरचा समोरचा घ्या, म्हणजे सांगाडा पिळत नाही.

ट्रॉली मोडते ती बहुतेक वेळा दांडीच्या मुळाशी. म्हणून दांडीचे दोन्ही पाइप पुढच्या आडव्याला नुसते टेकवून जोडू नका. ते त्याच्या खालून मागे नेऊन दुसऱ्या आडव्याच्या टोकांना बांधा. पुढे त्यांचा 'अ'सारखा कोन होईल. वेल्ड दांडीच्या लांबीच्या दिशेने घ्या, आडवा घेतला तर तिथूनच चीर सुरू होते.

कमानपाटे

इथे घाई करू नका. ट्रॉली आणि माल मिळून साधारण ४५० किलो होतात, म्हणजे प्रत्येक बाजूला २२५ किलोच्या आसपास झेलणारे कमानपाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) हवेत. जीपचे जुने पाटे स्वस्त मिळतात, पण एवढ्या वजनाला ते दबतच नाहीत. ट्रॉली उड्या मारते आणि टोमॅटोचे क्रेट चेचतात. दुकानदाराला वजन सांगूनच पाटे घ्या.

एक्सल पुढच्या कडेपासून ४३ इंचांवर, म्हणजे मध्याच्या थोडा मागे येऊ द्या. पाट्याचे पुढचे टोक पक्क्या ब्रॅकेटमध्ये आणि मागचे शॅकलमध्ये, म्हणजे हलत्या कडीत, बसवा, कारण दाबला की पाटा लांब होतो. मागेही पक्के केले तर ब्रॅकेट उचकटते. पाट्यावर वेल्डिंग मुळीच करू नका, त्याचे पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरते. एक्सलवर बसकी (पाटा टेकायची लोखंडी बैठक) जोडा, पाट्याचा मधला बोल्ट तिच्या भोकात बसवा आणि यू-बोल्टने आवळा. मग दांडीच्या पुढच्या टोकाच्या, ट्रॅक्टरला अडकवायच्या कडीपासून एक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंत टेप लावा. अंतर सारखे नसेल तर ट्रॉली तिरकी चालेल आणि टायर एकाच बाजूने झिजतील.

चाचणी

माल भरून कडीखाली वजनकाटा ठेवा. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के, म्हणजे साधारण ४५ ते ६७ किलो, कडीवर यायला हवे. कमी आले तर माल पुढे सरकवा. पहिल्या दोन-तीन खेपांनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळा, गंजरोधक रेड ऑक्साइड रंगाचा हात त्यानंतर द्या.